ठाण्याची खाडी, रोहित पक्षी आणि आपला कोळी समाज

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत दरसाल पुष्कळ विषयांचा परामर्श घेतला जातो. परीक्षेत यश मिळविलेल्या मुलामुलींचे कौतुक होते, दिवंगत वडीलधाऱ्यांचे स्मरण होते, संस्थेच्या जमाखर्चाचा ताळेबंद सभासदांपुढे ठेवला जातो. परंतु ज्या पाण्यावर आपल्या पिढ्यान्‌पिढ्या पोसल्या, त्या ठाण्याच्या खाडीचा ताळेबंद मात्र क्वचितच मांडला जातो. वाशी, दिवा, घणसोली, सारसोळे आणि दिवाळे या कोळीवाड्यांतील प्रत्येक कुटुंबाचा या खाडीशी संबंध आहे. कुणाचा आजही जाळ्याचा, तर कुणाचा केवळ आडनावापुरता. म्हणून यंदा खाडीचा थोडासा इतिहास सभासद कुटुंबांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. हा इतिहास केवळ गतवैभवाच्या आठवणीसाठी नाही. खाडीच्या एका मोठ्या भागाला आज शासनाने संरक्षण दिलेले आहे. त्या संरक्षणात आपले स्थान कोणते, हा प्रश्न आपल्याच हयातीत सुटावयाचा आहे.

सुमारे २६ किलोमीटर लांबीची ही खाडी उत्तरेस एका अरुंद फाट्याने उल्हास नदीला मिळते आणि दक्षिणेस मुंबई बंदराच्या पाण्यात मिसळते. दोन्ही काठांना तिवर, कांदळ, चिपी यांचे दाट वन आणि ओहोटीच्या वेळी उघडा पडणारा मैलोगणती चिखल, ही तिची खरी संपत्ती होय. परक्या माणसाला चिखल म्हणजे घाण वाटते. आपल्या लोकांना त्यातच निवट्या, चिंबोऱ्या, शिंपल्या आणि कालवे दिसतात. तिवरांच्या मुळांशी कोळंबीची व बोइटांची पिले वाढतात व मोठी होऊन खोल पाण्याकडे जातात. ही गोष्ट विद्वानांनी ग्रंथांत लिहिण्यापूर्वी खाडीवर जाणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक होती.

मासेमारीच्या रीतीही खाडीच्या स्वभावाला धरून ठरलेल्या होत्या. उधाणाच्या ओढीला डोल व बोकशी लागत. भांगाच्या संथ पाण्यात पाग फेकण्याचे काम चाले. चिखलातील वेचणी बायका-मुले करीत. कुणी कोठे खुंट ठोकावयाचे, कोणाच्या जाळ्यापुढे कोणी जाळे लावावयाचे नाही, याचे नियम कागदावर नसले तरी सर्वांना मान्य होते आणि तंटा झालाच तर गावकीत मिटे. पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवावयाच्या व नारळी पौर्णिमेस सागराला नारळ अर्पण करूनच पुन्हा पाण्यात लोटावयाच्या, हा आपला कुळाचार. मासळीच्या विणीच्या काळात पाण्याला विसावा मिळावा हा अर्थ त्यात आपोआप साधला जाई. शासनाने आज पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची यांत्रिक मासेमारीबंदी घातली आहे. तिच्या मुळाशी हाच विचार आहे. तेव्हा निसर्गसंरक्षण ही बाहेरून आलेली, आपल्यावर लादलेली कल्पना आहे, असे जे कधीकधी आपल्या सभांतून बोलले जाते, ते इतिहासाला धरून नाही. संरक्षण आपल्या घरचेच आहे. नवा आहे तो त्यासाठी आलेला कायदा.

या व्यवस्थेला पहिला मोठा धक्का बसला तो उद्योगधंद्यांचा. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात रासायनिक व इतर कारखान्यांची रांग उभी राहिली. त्यांचे सांडपाणी खाडीला मिळू लागले. १९७० च्या मार्चमध्ये सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी निश्चित झाल्या. १९७३ साली वाशीचा खाडीपूल वाहतुकीस खुला झाला, १९९२ मध्ये आगगाडी वाशीपर्यंत आली व पुढील वर्षी नेरूळला पोहोचली. नेरूळ, शिरवणे, सारसोळे, दारावे, करावे ही गावे शहराच्या सेक्टरांत वेढली गेली.

जमिनीच्या मोबदल्यासाठी जो लढा झाला तो आपणा सर्वांस ठाऊक आहे. लोकनेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात झालेल्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले, आणि त्या बलिदानातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना साकार झाली. आगरी व कोळी बांधवांच्या एकजुटीचा तो सुवर्णाध्याय होय, यात शंका नाही. तथापि त्यातील एका उणिवेकडे लक्ष वेधणे आम्हास अवश्य वाटते. मोबदला मिळाला तो ज्याच्या नावे सातबारा होता त्याला. शेत गेले त्याची नोंद झाली, मिठागर गेले त्याची नोंद झाली. परंतु पाण्याला सातबारा नसतो. ज्याचे शेत केवळ खाडी हेच होते, त्याचे खुंट बुजले, त्याची मासळी आटली, याची नोंद कोणत्याच दप्तरात झाली नाही. आपल्या समाजाच्या अलीकडील इतिहासातील हे सर्वांत मोठे नुकसान होय, आणि ते मोजले न गेल्यामुळेच ते विसरले गेले.

अशा वेळी खाडीत एक नवा पाहुणा आला. १९९० नंतरच्या दशकात शिवडीच्या व पुढे ठाणे खाडीच्या चिखलावर रोहित पक्ष्यांचे, म्हणजेच लोक ज्यांना फ्लेमिंगो म्हणतात त्यांचे, थवे मोठ्या संख्येने उतरू लागले. २०१९ च्या सुमारास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या गणनेत ही संख्या लाखाच्या वर गेली. गुलाबी रंगाने भरलेली खाडी पाहावयास शहरातून माणसे येऊ लागली. हा पक्षी शेवाळावर जगतो. शहराच्या सांडपाण्यातील द्रव्यांमुळे खाडीत शेवाळ माजले आणि तेच या पक्ष्यांना येथे ओढून घेण्याचे एक कारण झाले, असे अभ्यासकांचे म्हणणे आहे. म्हणजे ज्या पाण्याने आपली मासळी पळविली, त्याच पाण्याने हा पाहुणा आणला. शहरवासीयांस गुलाबी थव्यात निसर्गाची समृद्धी दिसते. खाडीवरच्या माणसास त्याच दृश्यात पाण्याचा बिघाडही दिसतो. दोन्ही खरे आहे. आणि खाडीचे भवितव्य ठरविताना दोघांचीही दृष्टी विचारात घेतली गेली पाहिजे.

६ ऑगस्ट २०१५ रोजी शासनाने ऐरोली व वाशी पुलांच्या दरम्यानचा भाग ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित केला. क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर. पैकी ८९६ हेक्टर कांदळवन व ७९४ हेक्टर पाणी. मालवणनंतरचे हे महाराष्ट्रातील दुसरे सागरी अभयारण्य होय. पुढे २०२२ साली अभयारण्य व भोवतालचा संवेदनशील पट्टा मिळून ६,५२१ हेक्टर क्षेत्रास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. इराणमधील रामसर या गावी १९७१ साली पाणथळ जागांच्या रक्षणासाठी जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या नावाने हा दर्जा ओळखला जातो. त्या करारातील एक तत्त्व आपण ध्यानात ठेवावे असे आहे. पाणथळ जागेचा वापर बंद करा असे तो सांगत नाही. तिचा वापर शहाणपणाने करा असे सांगतो. त्या शहाणपणात जाळ्यालाही जागा आहे.

मालवणचे नाव निघाले म्हणून त्या ज्येष्ठ अभयारण्याची हकीकत येथे देणे उपयुक्त होईल. १३ एप्रिल १९८७ रोजी मालवणच्या समुद्रातील २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्यातील ३.१८ चौरस किलोमीटरचा गाभा सिंधुदुर्ग किल्ला व पद्मगड यांच्या आसपासचा, प्रवाळाने संपन्न असा आहे. हेतू उत्तम होता. परंतु रापण ओढणाऱ्या व होड्या चालविणाऱ्या तेथील गाबीत व इतर मच्छीमार बांधवांना विश्वासात घेतले गेले नाही. आपल्या दाराशी असलेला समुद्र आपल्याला बंद होणार, अशी भीती पसरली, विरोध झाला आणि हक्कांच्या निश्चितीचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले. अभयारण्य कागदावर राहिले. मासेमारी चालू राहिली, पण निर्धास्त मनाने नव्हे. पर्यटनही वाढले, पण पुष्कळ काळ त्याला ना नियम होता ना शिस्त. किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्यांचे नांगर व प्रवाळावर पाय देणारे हौशी पाहुणे यांचा त्रास समुद्रालाच झाला.

तेथे बदल दिसू लागला तो २०१२ च्या सुमारास संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साह्याने सिंधुदुर्ग किनाऱ्यावर जो प्रकल्प सुरू झाला त्यानंतर. त्यात मच्छीमारांस प्रतिपक्ष न मानता भागीदार मानण्याचा प्रयत्न झाला. लहान पिले निसटून जावीत म्हणून चौकोनी आसाच्या जाळ्यांचा प्रसार करण्यात आला. पाण्याखालील सृष्टी दाखविण्याचे शास्त्रशुद्ध शिक्षण स्थानिक तरुणांस मिळाले. वेंगुर्ले येथील मांडवी खाडीत स्वामिनी या बचत गटाच्या भगिनी स्वतः वल्ही मारून पाहुण्यांना कांदळवन दाखवू लागल्या. ज्या हातांनी मासळी विकली त्याच हातांत होडी राहिली, आणि पाहुण्याचा पैसा गावातच राहिला. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावची गोष्टही अशीच आहे. तेथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून समुद्री कासवांच्या घरट्यांचे रक्षण गावकऱ्यांच्या साह्याने आरंभिले. पुढे कासवमहोत्सव सुरू झाला आणि पाहुणे हॉटेलांत नव्हे, तर गावकऱ्यांच्या घरी उतरू लागले.

परदेशातील एक उदाहरणही सांगण्याजोगे आहे. फिलिपाइन्समधील अपो नावाच्या लहानशा बेटावर १९८२ साली तेथील विद्यापीठातील शास्त्रज्ञांच्या सल्ल्याने गावानेच प्रवाळाचा एक छोटा पट्टा मासेमारीस बंद केला. बंदी गावाने घातली, पहारा गावाने केला. काही वर्षांत भोवतालच्या पाण्यात मासळी वाढल्याचा अनुभव आला आणि पाण्यात बुडी मारून ती शोभा पाहण्यास पाहुणेही येऊ लागले. १९९४ मध्ये मात्र ते बेट राष्ट्रीय संरक्षित क्षेत्रांत गेले. व्यवस्था पुष्कळशी सरकारी मंडळाकडे गेली आणि पाहुण्यांच्या शुल्काचा पैसा गावास परत मिळण्यास विलंब होऊ लागला. गावाचा उत्साह ओसरला. संरक्षणाचे यश आणि संरक्षणाची मालकी या दोन गोष्टी अलग केल्या म्हणजे काय होते, याचा हा धडा होय.

आता कायद्याकडे वळू. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ सालचा आहे. त्यात अभयारण्य करताना तेथील लोकांच्या हक्कांची चौकशी करावी, दावे ऐकावेत आणि योग्य ते हक्क चालू ठेवता येतात, अशी तरतूद आहे. पुढे १९९१ च्या दुरुस्तीने प्रादेशिक समुद्रातील अभयारण्यासंबंधी आणखी स्पष्ट शब्द आले: सीमा ठरविण्यापूर्वी स्थानिक मच्छीमारांच्या व्यावसायिक हिताच्या रक्षणासाठी पुरेशी उपाययोजना झाली पाहिजे. आपल्या बाजूने एवढे स्पष्ट वचन देशाच्या कायद्यात आहे, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे? त्यापुढे, वाशीच्या तिसऱ्या खाडीपुलाच्या बाबतीत मरिआई मच्छिमार सहकारी संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये जो निर्णय दिला, तो आपल्या समाजाच्या इतिहासात सोनेरी अक्षरांनी लिहिण्यासारखा आहे. पारंपरिक मच्छीमारांचा खाडीवरील रूढीजन्य हक्क न्यायालयाने मानला आणि बाधितांच्या भरपाईसाठी धोरण करण्यास सांगितले. त्याप्रमाणे २०२३ मध्ये शासनाचे धोरणही आले. १९८४ च्या लढ्यात जे राहून गेले होते, ते सदतीस वर्षांनी अंशतः पदरात पडले. पाण्याला सातबारा नसला तरी पाण्यावर हक्क असू शकतो, हे प्रथमच इतक्या ठळकपणे मान्य झाले.

आणि आता प्रश्न आपल्या नेरूळच्या दारात आला आहे. ओहोटीला रोहित पक्षी खाडीच्या चिखलावर चरतात. भरतीने चिखल झाकला म्हणजे विसाव्यासाठी काठच्या उथळ तळ्यांत येतात. नेरूळचे सुमारे ३० एकरांचे तळे, ज्यास शेजारच्या शाळेवरून डी. पी. एस. तलाव म्हणतात, हे असेच विसाव्याचे स्थान आहे. भरतीचे पाणी आत येण्याचे मार्ग बुजले, पाणी कुंठित झाले, शेवाळ साचले, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तेथे व आसपास पक्षी मरून पडू लागले. पक्षिप्रेमी नागरिकांनी आवाज उठविला, चौकशी झाली, आणि एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने या तळ्यास संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मान्यता दिली. या निर्णयाचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. भरतीचे पाणी अडले म्हणजे काय होते हे शहराला पक्ष्यांच्या मरणाने कळले. आपल्या लोकांना ते मासळीच्या मरणाने फार पूर्वी कळले होते. फरक इतकाच की पक्ष्याचे मरण वर्तमानपत्रात आले.

परंतु संवर्धन राखीव क्षेत्र आणि अभयारण्य यांत कायद्याने भेद आहे, हे सभासदांनी जाणून घ्यावे. २००२ च्या दुरुस्तीने आलेल्या या तरतुदीत सरकारी मालकीची जागा राखीव करताना स्थानिक लोकांशी विचारविनिमय करावयाचा असतो आणि व्यवस्थापनास सल्ला देण्यासाठी समिती नेमावयाची असते. तिच्यात गावाच्या प्रतिनिधींना स्थान असते. येथे स्थानिक लोक म्हणजे कोण? भोवतालच्या इमारतींतील रहिवासी हे तर स्थानिक आहेतच, आणि त्यांनी या तळ्यासाठी जे केले त्याबद्दल आपण त्यांचे ऋणी असावयास हवे. पण सारसोळे व करावे येथील जाळे टाकणारा माणूसही स्थानिकच आहे, नव्हे, तोच मूळचा आहे. त्याने स्वतः पुढे येऊन आपले म्हणणे मांडले नाही, तर त्याच्या वतीने दुसरा कोणी मांडील अशी आशा बाळगणे व्यर्थ होय.

यासाठी आपल्या संस्थेने काय करावे? आमच्या अल्पमतीप्रमाणे तीन गोष्टी तातडीच्या आहेत. पहिली, खाडीची वही. कोणत्या जागी कोणाचे खुंट असत, कोणत्या वळणाला काय नाव, कोणत्या महिन्यात कोणती मासळी मिळे, बायका कोठे वेचणी करीत, हे सारे आज आपल्या वृद्धांच्या स्मरणात आहे आणि अन्यत्र कोठेही नाही. दरवर्षी श्रद्धांजलीच्या पानावर जी नावे छापली जातात, त्यांच्याबरोबर या वहीची पाने गळून जात आहेत. आपल्या शिकलेल्या मुलांनी सुट्टीत बसून ही वही लिहावी, नकाशावर नावे उतरावीत, होडीचे परवाने, सहकारी संस्थेच्या पावत्या व जुनी छायाचित्रे तिला जोडावीत. हक्काचा दावा ऐकला जातो तो पुराव्यावर. आणि पुरावा आपल्या घरांत असताना तो नष्ट होऊ देणे हा अक्षम्य आळस ठरेल.

दुसरी गोष्ट पर्यटनाची. ऐरोली येथे वनखात्याच्या कांदळवन कक्षाने केंद्र उभारले असून तेथून रोहित पक्षी पाहण्यास होड्या जातात. होडी किती अंतरावर थांबवावी, पक्षी बिथरू नये म्हणून यंत्र केव्हा मंद करावे, ओहोटीत होडी कोठे रुतेल, हे ज्ञान आपल्या तरुणांच्या रक्तात आहे. शासनाने २०१७ पासून कांदळवन संवर्धन व उपजीविका योजनेखाली खेकडापालन, मत्स्यपालन व निसर्गपर्यटन यांसाठी गटांना मोठे अनुदान ठेवले आहे. वेंगुर्ल्याच्या भगिनींनी जे केले ते सारसोळे-दिवाळ्याच्या भगिनींना अशक्य नाही. मात्र पर्यटन हे मासेमारीचे पूरक असावे, तिचा पर्याय नव्हे. पक्षी हिवाळ्यात येतात आणि पावसाच्या तोंडावर जातात. केवळ त्यांच्यावर विसंबलेले घर उरलेले महिने कशावर चालणार? आणि होडीवाल्यांना केवळ रोजंदारीवर राबवून उत्पन्न दुसऱ्याच्या पदरी पडणार असेल, तर ते पर्यटन आपले म्हणता येणार नाही.

तिसरी गोष्ट आपल्या स्वतःच्या आचरणाची, आणि ती सर्वांत कठीण आहे. बारीक आसाच्या जाळ्यांनी पिलावळ ओढणारे हात सर्वच परके नाहीत. शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकारमान ठरविले. पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा लहान धरू नये असे सांगितले. बाजारात बोटभर पिले विकली जातात तेव्हा ती आपलीच माणसे विकतात व आपल्यातलेच कोणी विकत घेतात. दुसऱ्याच्या सांडपाण्याविरुद्ध बोलण्याचा नैतिक अधिकार हवा असेल, तर आपल्या जाळ्याचा आस आधी तपासला पाहिजे. सांडपाण्यावर प्रक्रिया झाल्यावाचून खाडी सुधारणार नाही, हे खरे. तो आग्रह आपण धरलाच पाहिजे, आणि तो धरताना पक्षिप्रेमी नागरिकांना आपले मित्र मानले पाहिजे. ज्या स्वच्छ भरतीची त्यांना पक्ष्यांसाठी गरज आहे, तीच आपल्याला मासळीसाठी हवी आहे.

मालवणने संरक्षण पाहिले ते आधी भीतीने आणि मग भागीदारीने. मधली पंचवीस वर्षे वाया गेली. ठाणे खाडीच्या अभयारण्याला दहा वर्षे होऊन गेली आहेत आणि नेरूळच्या तळ्याचा प्रारंभ आता होत आहे. तेवढी वर्षे गमावण्याची चैन आपल्याला परवडणारी नाही, कारण तोवर खुंटांच्या जागा सांगणारा एकही माणूस उरणार नाही. पुढील स्मरणिकेच्या आत प्रत्येक कोळीवाड्यातून निदान एका वृद्धाची माहिती लिहून संस्थेच्या कार्यालयात यावी, एवढीच आमची सर्व सभासद कुटुंबांस आग्रहाची विनंती आहे.